चौदा वेळा उघडलेलं कपाट

मित्रांनो, ओळख नंतर सांगते, आधी माझी तक्रार ऐका. आमच्या भावेशने गेल्या महिन्यात माझ्या तोंडावर वर्तमानपत्र चिकटवलं. तेही खाकी चिकटपट्टीने, चारी बाजूंनी, एखादं पार्सल बांधावं तसं. वर म्हणतो काय, तर पलंगासमोर आरसा असला की झोप मोडते. या घरातल्या चार लग्नांच्या मुंडावळ्या माझ्या आरशात बघून बांधल्या गेल्या. आणि हा दिवटा त्याच आरशावर बातम्या डकवतो. त्याही शिळ्या.

तर मी आहे एक जुनं, लोखंडी, दोन दारांचं कपाट. पण मला 'ते कपाट' म्हणू नका. छत्तीस वर्षांपूर्वी मी दुर्गाबरोबर तिच्या सासरी आले, आंदण म्हणून. तिला ओवाळलं तेव्हा मलाही हळद-कुंकू लावलं होतं. म्हणजे मी बाईमाणूसच, आणि आता घरातली मोठी बाई. माझं शिक्षण विचाराल तर माझ्या फळ्यांवर अंथरलेले पेपर. दुर्गा ते दर दिवाळीला बदलते. वर्षाला तीन-चार पानं वाचून होतात, त्यात एक पान जाहिरातींचं. तेवढ्या शिक्षणात मी बोलते, तेव्हा माझ्या चुका काढत बसू नका.

मला भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात हरिश्चंद्र मिस्त्रीने घडवलं. पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझे सांधे जुळवले, खड्डे-फटींत लांबी भरली, घासलं आणि वरून हिरवा रंग मारला. दुर्गाचे वडील राई गावचे, मिठागरात राबून पाय फुटलेले. ते मला बघायला आले आणि बोटांच्या पेरांनी टकटक करून म्हणाले, "पत्रा पातळ न्हाय ना? माझी पोर हिच्या भरवशावर जानार हाय."

"काका, आडवं करतो, वर चढून नाचा," मिस्त्री म्हणाला.

म्हातारा खरंच चढला. नाचला नाही, पण दोन उड्या मारल्या. माझ्या अंगाला पोचासुद्धा आला नाही. त्या दिवसापासून माझी मान जी ताठ झाली ती झालीच.

जवळच्या मुर्धा गावात धर्माजींच्या बैठ्या घरात मी आले. धर्माजी म्हणजे दुर्गाचा नवरा. तेव्हा त्यांची थोडी भातशेती होती आणि आवाज मोठा होता. आता शेती नाही, आवाज आहे. माझ्या पोटात त्या घराने काय काय ठेवलं म्हणून सांगू! दुर्गाच्या साड्या, भावेशच्या जन्माच्या वेळचं झबलं, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, शेवटच्या पिकातलं मूठभर भात पुरचुंडीत बांधून, डांबरगोळ्या, आणि पाहुण्यांसाठी म्हणून जपलेली गुलाबी फुलांची चादर. ही चादर पंचवीस वर्षं घडीतच आहे. इतके पाहुणे आले-गेले, पण त्या चादरीच्या लायकीचा पाहुणा काही अजून आला नाही. घरची माणसं मात्र मधोमध विरलेल्या चादरीवर झोपत आली. माझं काय, मला राखण सांगितली, मी राखण केली.

आणि गुपितं. मित्रांनो, कपाटाची खरी अब्रू म्हणजे गुपितं. धर्माजींनी डॉक्टरला न सांगता लपवलेला चिवडा, भावेशचा दहावीच्या सहामाहीचा निकाल, शेजारणींनी विश्वासाने ठेवायला दिलेल्या चाव्या. एकही गोष्ट माझ्याकडून बाहेर गेली नाही.

दोन हजार पाचच्या जुलैत मुर्ध्याच्या घरात पाणी शिरलं. खालचे दोन कप्पे बुडाले, पण वरचे कागद कोरडे राहिले. सगळ्या वाडीत आमचेच दाखले शाबूत होते. बायका मला बघायला यायच्या, दुर्गा मिरवायची. पण त्या पाण्याने माझं उजवं दार किंचित वाकलं आणि बिजागऱ्या गंजल्या. तेव्हापासून मला उघडायचं तर खाली गुडघा लावून, मूठ वर उचलून ओढावं लागतं, आणि मी खर्रर्र... कच् अशी बोलते.

धर्माजी तेलाची बाटली घेऊन आले होते. दुर्गाने हात धरला.

"तेल घालायचं न्हाय. मी चुलीजवळ असले तरी मना कलतं कपाट कोन उघडतंय. आवाज हाय तो पहारा हाय."

खरंच तिला कळायचं. धर्माजींचा खर्रर्र लांबट, भावेशचा तुटक. मी तर फुगून गेले. पहारेकरीण झाले म्हणून.

पुढे मुर्ध्याच्या घराच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही शांती नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेत आलो. मला बेडरूममध्ये मानाच्या भिंतीला उभं केलं. मग भावेशचं लग्न झालं, ती बेडरूम त्याची आणि ऋतिकाची झाली. दुर्गा आणि धर्माजी हॉलमध्ये झोपायला लागले. पण माणसं बाहेर गेली तरी त्यांचे कपडे, चष्मे, गोळ्या, टॉवेल सगळं माझ्यातच राहिलं. शिवाय पलंगाखाली तांदळाचं पोतं, दारामागे इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात गणपतीच्या मखराचा खोका. आमच्या इकडे बेडरूम म्हणजे वखार, आणि वखारीत एक पलंग.

ऋतिका नर्स आहे. पोर गुणाची. युनिफॉर्मला स्वतः इस्त्री करते, छातीवरचा नावाचा बिल्ला माझ्या लॉकरमध्ये ठेवते, सोन्याच्या शेजारी. या घरात आलेल्या सगळ्या दागिन्यांत तो बिल्ला मला जास्त आवडतो, कारण तो रोज अंगावर जातो. गेल्या महिन्यात तिला सलग रात्रपाळी लागली. सकाळी साडेआठला घरी यायचं, नऊला झोपायचं, संध्याकाळी सातला परत निघायचं. पण दिवसा तिला झोप लागेना. चार दिवसांत डोळ्यांखाली काळं आलं. पाचव्या दिवशी तिने चहात मीठ घातलं. धर्माजींनी तो चहा मुकाट्याने प्यायला, एवढं सांगितलं म्हणजे गोष्ट किती गंभीर होती ते कळेल.

मग भावेश कामाला लागला. त्याचं खालच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानात गिऱ्हाईक कमी, व्हिडिओ जास्त. त्याने झोपेवरचे व्हिडिओ बघितले. रोज एक पार्सल यायला लागलं. काळोख करणारे जाड पडदे आले. मानेला खड्डा असलेली उशी आली. वास सोडणारं यंत्र आलं, त्यात दर तासाला लव्हेंडरचे थेंब टाकायचे. ती बाटली कुठे ठेवली? माझ्यात. यंत्राचे खोके कुठे? माझ्या डोक्यावर.

समोरच्या हंसाबेनही मदतीला आल्या. खोलीत एक नजर फिरवून म्हणाल्या, "भावेशभाई, बेड के सामने मिरर? इसी लिए नींद नहीं आती. वास्तु में मना है."

झालं. त्याच दुपारी माझ्या तोंडावर पेपर.

तरी झोप येईना. शुक्रवारी सकाळी ऋतिका घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. मला उघडलं, युनिफॉर्मच्या घड्यांखाली एक पाकीट सरकवलं आणि दाराला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "सोमवारी देऊन टाकते. मी कुणाचा जीव घ्यायच्या आधी."

मला सगळं कळलं नाही, पण त्या पाकिटाचं वजन कळलं. साधा कागद, पण फळी वाकेल की काय असं वाटलं.

शनिवारी भावेशने नवीन शक्कल काढली. मोबाईलमध्ये एक ॲप घातलं. झोपणाऱ्या माणसाजवळ ठेवायचं, मग आजूबाजूला कुठला आवाज होतो ते ॲप पकडून ठेवतं. "एकदा कळू दे," तो म्हणाला, "वरच्यांचा मिक्सर आहे का खालचे रिक्षावाले. सोसायटीत लेखी तक्रार टाकतो."

रविवारी दिवसभर तो मोबाईल उशीजवळ होता. संध्याकाळी चहाच्या वेळी हॉलमध्ये सगळे बसले आणि त्याने आवाज सुरू केला. बेडरूमचं दार उघडं होतं, मलाही ऐकू येत होतं.

खर्रर्र... कच्.

"हा कसला आवाज?" भावेश म्हणाला.

मीही मनात म्हटलं, कोण ही भसाड्या गळ्याची? कुणाच्या घरची वळण नसलेली? तेवढ्यात मागोमाग दुर्गाची कुजबुज आली, "झोप झोप, मी फकस्त टॉवेल घेते हां."

तेव्हा समजलं, मित्रांनो. ती भसाडी मी. इतक्या वर्षांत मी माझा आवाज कधी बाहेरून ऐकला नव्हता.

खर्रर्र... कच्. धर्माजी. "उठू नको पोरी. माजा चष्मा कंच्या कप्प्यात हाय तेवढं सांग."

खर्रर्र... कच्. भावेश. "ऋतिका, झोप लागली का? लागली असेल तर सांग."

हॉलमध्ये असा हशा पिकला की हंसाबेन विचारायला आल्या. आवाज चालूच होते. एकूण चौदा वेळा मी उघडले होते. दुर्गा पाच, धर्माजी दोन, आणि उरलेल्या सात वेळा कोण, तर आमचे झोपतज्ज्ञ. लव्हेंडरचे थेंब टाकायला.

"मम्मी, तू पाच वेळा!"

"आनि तू सात वेला! मोजता येतं मना."

"मी तिच्या झोपेसाठीच येत होतो ना!"

सगळ्यांत जास्त ऋतिका हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबेचना. "युनिफॉर्म घेते," म्हणून ती आत आली, मला उघडलं, आणि पाकिटातला कागद काढून त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. बाहेर भावेश सांगत होता, "सिम्पल आहे. कानात घालायचे बोळे ऑर्डर करतो. उद्या येतील."

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की माझ्या दोन्ही बिजागऱ्या तापल्या. पण खरं सांगायचं तर स्वतःचाही आला. ज्या आवाजाला मी मान समजत होते, तो आवाज एका पोरीची नोकरी खात होता. मी इथून हलल्याशिवाय हे मिटणार नव्हतं. आणि मला हलवायचं कुणाच्या मनात यावं, तर ते पाकीट कुणाच्या तरी हाती लागायला हवं होतं.

पण मी तर गुपितं राखणारी. माझी अब्रू तीच.

सोमवारी सकाळी ऋतिका येऊन झोपली. अकराच्या सुमाराला दुर्गा चवड्यांवर चालत आली. "आज एकदाच," असं स्वतःशी पुटपुटत तिने गुडघा लावला, मूठ उचलली. मी तिच्या हाताबरोबर सगळं अंग हलवलं. युनिफॉर्मची घडी घसरली आणि पाकीट दुर्गाच्या पायाशी पडलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं ठेवलेलं बाहेर टाकलं. मला लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

कागद इंग्रजीत होता. दुर्गा तो घेऊन हॉलमध्ये गेली. भावेश लव्हेंडरच्या वेळेवर घरी आलाच होता.

"वाच."

तो वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला थांबला. "मम्मी, ती नोकरी सोडतेय."

"कशाला?"

"लिहिलंय, झोप पुरत नाही. गुरुवारी रात्री एका पेशंटचं औषध दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. वेळेत लक्षात आलं. पुढच्या वेळी नाही आलं तर काय, असं लिहिलंय."

दुर्गाने कागद त्याच्या हातातून घेतला आणि परत पाकिटात घातला.  मग म्हणाली, "कपाट बाहेर काढायचं."

धर्माजी दचकले. "हॉलमध्ये? आल्या-गेल्यासमोर? लोक काय बोलतील?"

"लोक आपापल्या घरी झोपून येतात. बोलू दे त्यांना."

"मम्मी, त्यापेक्षा नुसतं तेल घालूया ना," भावेश म्हणाला.

"कपाटाला घालू. तुज्या पायांना कंचं तेल घालू ते सांग!"

संध्याकाळी पाचला ऋतिका उठून बाहेर आली, तर सगळे ताटकळत बसलेले. दुर्गाने पाकीट तिच्या हातात दिलं. "हे तुजं हाय. मी वाचलं न्हाय. वाचून घेतलं."

ऋतिका म्हणाली, "आई, मला सांगायचंच होतं. पण तुम्ही सगळे इतकं करत होता..."

"तेच तर चुकलं. इतकं केलं." दुर्गाने पदर खोचला. "नोकरी नको वाटली तर सोड, मी एक सबूद बोलनार न्हाय. पन झोप न्हाय म्हनून सोडू नको. झोप आमी देतो. तेवढं जमंल आमाला."

आणि माझी वरात निघाली. आधी पोट रिकामं केलं. मग उजवं दार बिजागऱ्यांसकट काढलं, कारण बेडरूमच्या चौकटीतून मी अखंड मावेना. भावेश पुढून ओढत होता, धर्माजी हुकूम सोडत होते, हंसाबेन मागून ढकलत होत्या. "अरे, यह अलमारी है या हाथी?" मी मनात म्हटलं, बेन, पत्रा पातळ नाही, दोन उड्या मारून बघा. चौकटीला अंग घासलं तेव्हा तोंडावरचा तो पेपर टराटरा फाटला. माझ्या मागोमाग तांदळाचं पोतं, इस्त्रीचं टेबल, मखराचा खोका, सगळे बाहेर आले. दार परत बसवलं आणि धर्माजींनी शिलाई मशीनचं तेल दोन्ही बिजागऱ्यांत ओतलं. दुर्गा बघत उभी होती. तिचा पहारा त्या दिवशी संपला. तिने माझ्या दारावर एकदा हात फिरवला.

आत काय राहिलं? पलंग, पंखा, जाळीची खिडकी. भावेशचे जाड पडदे दुर्गाने राहू दिले, ते चांगले होते म्हणून. वासाचं यंत्र हंसाबेनला गेलं. आणि पंचवीस वर्षं घडीत असलेली गुलाबी चादर दुर्गाने फटकन झटकून पलंगावर घातली. धर्माजी म्हणाले, "ती पाव्हन्यांची हाय." दुर्गा म्हणाली, "पाव्हने रातभर जागून लोकांची दुखनी काढतात काय?"

मंगळवारी ऋतिका नऊला झोपली. दुर्गाने बाहेरून दाराच्या कडीला तिची ओढणी बांधली. ओढणी असेपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही, असा दुर्गाचा नियम. दहा वाजले, बारा वाजले. धर्माजी चष्मा दोरीने गळ्यात अडकवून टीव्ही आवाजाशिवाय बघत होते. पाणी आलं तर दुर्गाने बादलीत फडकं टाकून नळ सोडला, धार वाजू नये म्हणून. दोनला ओढणी तिथेच. साडेतीनला दार उघडलं. ऋतिकाच्या गालावर गुलाबी चादरीची सुरकुती उमटली होती. ती म्हणाली, "आई, किती वाजले? भूक लागलीय." दुर्गाने तोंड फिरवलं आणि उगाचच तव्यावर ओरडली.

पाकीट फाडलं नाही हं. ऋतिका म्हणाली, "राहू दे अजून. महिनाभर बघू." ते परत माझ्यात, युनिफॉर्मखाली आहे. या वेळी ते काही जड लागत नाही.

मी आता हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभी असते. मान गेला असं पहिले दोन दिवस वाटलं. पण इथे माणसं आहेत, उजेड आहे, हंसाबेन येता-जाता माझ्या आरशात केस नीट करतात. माझा आवाज गेला. बोलायला मात्र मी थांबले नाही, ते तुम्ही बघताच आहात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपत असेल. त्या माणसाच्या खोलीत काय आणू, असं विचारण्याआधी तिथून काय बाहेर काढू ते विचारा. टॉवेल आधी घेऊन ठेवा. चष्मा जवळ ठेवा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं, कुरकुरणारं असेल, तर त्याला दोन थेंब तेल घाला. वाट बघत बसू नका, आम्ही मागत नसतो.

कालचीच गोष्ट. दुपारी एक वाजता भावेश दुकानातून वर आला. ओढणी कडीला होती. याने इकडे-तिकडे पाहिलं, दुर्गा गॅलरीत होती. हा चवड्यांवर चालत बेडरूमच्या दाराशी गेला आणि ओढणीच्या गाठीला हात घातला. मला राहवलं नाही. कपाटं बोलत नाहीत असं तुम्हाला शिकवलं असेल, पण मी त्याच्या आईबरोबर या घरात आलेली आहे, मला अधिकार आहे. मी मोठ्याने म्हणाले,

"भावेश, हात काढ. तू वाईट नाहीस रे, बायकोवर जीव आहे तुझा, ते मी आतून बघितलंय. पण झोपलेल्या माणसाला 'झोपलीस का' विचारायला जाणारा सबंध शांती नगरात तू एकटाच. तिच्या झोपेसाठी तू आणलेल्या सगळ्या वस्तूंत कामाची वस्तू एकच होती, ती म्हणजे तू बाहेर असणं. चल, पायात चप्पल घाल आणि दुकानात जा."